नद्यांच्या वाटेने तेरा दिवस

आपल्या वस्तीतील माणसाला लांब पल्ल्याची गाडी आठवते ती दोन-तीन कारणांनीच. गावी लग्न, गावी मयत, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर. खिडकीशी बसून देश पाहावा एवढ्यासाठी तिकीट काढायची रीत आपल्याकडे अजून म्हणावी तशी रुजलेली नाही. पैसा हे एक कारण आहेच. पण 'सहल ही मोठ्या लोकांची गोष्ट' ही मनात बसलेली समजूत हेही कारण आहे, आणि माझ्या मते ते पैशाहून मोठे आहे.

मी परळच्या एका चाळीत राहतो. शिक्षण बी.कॉम., नोकरी एका खाजगी कचेरीत कारकुनाची. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि संध्याकाळी वस्तीतील अभ्यासिकेचे व विहाराचे काम. घरात पाच माणसे : सत्तरीची आई, मी, शिवणकाम करणारी पत्नी, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. वडील गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपात गिरणी गेली ती गेलीच. त्यांच्या हयातीत आम्ही कधी सहलीला गेलो नाही.

आईची इच्छा एकच होती, डोळे मिटण्याआधी बोधिवृक्ष पाहायचा. मुलगा म्हणाला, "मग गंगापण बघू." मुलगी म्हणाली, "आणि समुद्र." समुद्र तर दादर चौपाटीवर रोज आहे, पण तिला पूर्वेचा समुद्र पाहायचा होता. सूर्य पाण्यात बुडताना आम्ही जन्मभर पाहत आलो, पाण्यातून वर येताना कधीच पाहिला नव्हता. मुलाच्या शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि पेन्सिलीने वाट आखली. मुंबई, वाराणसी, गया, भुवनेश्वर, पुरी, विशाखापट्टणम, विजयवाडा आणि परत दादर. चार हजार किलोमीटरहून अधिक अंतर आणि तेरा दिवस.

पैशांचा हिशेब

कारकून माणूस, त्यामुळे आधी हिशेब. एलटीसी आमच्या कचेरीत नाही. बँकेत दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव उघडली. दोन वर्षांत ४८,००० आणि वर व्याज जमले. नातेवाइकांनी नावे ठेवली. "एवढ्या पैशात मोरीला टाइल्स बसल्या असत्या," असे एक जण म्हणाले. ते खोटे नव्हते. पत्नीने शांतपणे उत्तर दिले, "टाइल्स पुढल्या वर्षी बसतील. आत्यांचे गुडघे पुढल्या वर्षी चालतील का?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

आरक्षणाची एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. मुंबईहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्स्प्रेस मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. त्यामुळे शनिवारी रात्री घर सोडायचे तर तिकिटावर रविवारची तारीख हवी. आमच्या चाळीतील एक कुटुंब या काही मिनिटांच्या फरकात एकदा फसले. सामानसुमान घेऊन स्टेशनवर गेले, तेव्हा त्यांची गाडी आदल्याच रात्री सुटून गेली होती. आम्ही तारीख दोनदा तपासली. रविवार, २२ डिसेंबर २०२४.

मोठा वाद झाला तो शिदोरीवरून. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी आणि दशम्या ठरल्या. आईने सुक्या बोंबलाची चटणीही एका बरणीत भरली. "डब्यात वास सुटेल, लोक काय म्हणतील?" असे मुलीचे म्हणणे. शेवटी बरणी तीन पिशव्यांत गुंडाळली गेली आणि 'उघडायची नाही' या अटीवर निघाली.

गाडीतला प्रश्न

सकाळी जाग आली तेव्हा भुसावळ येऊन गेले होते. पुढे तापी ओलांडली. दुपारी जबलपूरच्या अलीकडे नर्मदा आली. तापी आणि नर्मदा पश्चिमेला वाहतात, गोदावरी आणि कृष्णा पूर्वेला, हे धडा म्हणून मुलाला पाठ होते. आता तो प्रत्येक पुलावर पाण्याकडे पाहून दिशा ओळखू लागला.

आमच्या समोर एक वयस्कर जोडपे होते, मिर्झापूरला उतरणारे. बाई बोलक्या होत्या. आईचे आणि त्यांचे चांगले जमले. गुडघेदुखी, सुना, महागाई असे सगळे विषय झाले. त्यांनी आमच्या मुलांना पेढे दिले. मग सहज विचारले, "आप लोग कौन हो?" मी आडनाव सांगितले. त्यांना त्यावरून काही उमगले नाही. "नहीं, मतलब, कौन लोग?"

मी तोंड उघडण्यापूर्वी आई आपल्या मुंबईच्या हिंदीत म्हणाली, "हम बाबासाहेबवाले. बौद्ध."

"अच्छा," एवढेच त्या म्हणाल्या. शिवी नाही की भांडण नाही. फक्त बाकावरचा डबा त्यांनी आपल्या बाजूला ओढून घेतला. थोड्या वेळाने पत्नीने त्यांच्यापुढे चपाती-चटणी धरली, तेव्हा म्हणाल्या, "आज मेरा व्रत है." मुलगा माझ्या कानाशी लागला, "पप्पा, पण आत्ताच तर त्यांनी पुऱ्या खाल्ल्या!" मी त्याला गप्प केले. त्यानंतर मिर्झापूरपर्यंत त्या खिडकीबाहेरच पाहत होत्या.

रात्री मुलगी हळूच म्हणाली, "आजी, आडनाव सांगून विषय बदलता आला असता ना? सगळं छान चाललं होतं."

आईचे माहेर कराड तालुक्यातले, कृष्णेकाठचे. त्यांचे स्टेशन मसूर. लग्न होऊन मुंबईला आली ती मसूरलाच गाडीत बसून. मसूर स्टेशनचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. १९०१ साली लहान भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून गाडीने वडिलांना भेटायला निघाले. वडील गोरेगावला नोकरीला होते. मुले नवे कपडे घालून मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली, आणि मुलांनी जात सांगताच तो मागे सरला. बैलगाडीवाला शेजारी बसायला तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन त्याने गाडी दिली, पण हाकायची मुलांनीच. वाटेत नाक्यावर पाण्यासाठी, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले. तिथेही पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सर्व स्वतः लिहून ठेवले आहे. एका कुटुंबातील मुलांचा तोही रेल्वेचा पहिला आनंदाचा प्रवास होता.

आईने ही हकीकत नातीला आपल्या भाषेत सांगितली आणि म्हणाली, "बघ बाई. खरं सांगितलं तवा गाडीवान शेजारी बसंना, आन् दुसरंच सांगितलं तरी पाणी न्हाईच मिळालं. मग लपवून आपल्या पदरात काय पडतं?"

मुलीने उत्तर दिले नाही. डबा मात्र बराच वेळ जागा होता असे मला वाटले.

काशी आणि सारनाथ

धुक्यामुळे गाडीला काही तास उशीर झाला. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे जाणाऱ्यांनी हे गृहीत धरावे आणि पुढच्या गाडीचे तिकीट लगेच त्याच दिवशीचे काढू नये.

काशीला गंगा उत्तरेकडे वळून वाहते. आम्ही पहाटे नावेतून घाट पाहिले. हरिश्चंद्र घाटावर चिता जळत होत्या. ते काम पिढ्यान् पिढ्या डोम समाजाकडे आहे. मोक्ष मिळावा म्हणून देशभरातून मृतदेह तेथे येतात, त्यांना अग्नी मिळतो तो डोमांच्या हातून, आणि वर्षानुवर्षे अस्पृश्य ठरले तेही डोमच. आई नावेतून बघत होती. "ह्यांच्या पोरांना साळंत घालत्यात का?" एवढेच तिने विचारले. नावाडी म्हणाला, "कुछ जाते हैं." आईच्या दृष्टीने काशीचा सारा प्रश्न तेवढाच होता.

ही कबिराची आणि रविदासांचीही काशी आहे. सीर गोवर्धनपूरला संत रविदासांचे मंदिर आहे, तिथे आम्ही गेलो. ज्या नगरीत शास्त्रांचा एवढा दरारा, तिथेच एका विणकराने आणि एका चर्मकाराने माणसाची बाजू घेतली, हे मुलांना सांगायला ती जागा फार उपयोगी पडते.

सारनाथ वाराणसीपासून सुमारे १० किलोमीटर. धामेक स्तूप उंचीला जवळजवळ ४४ मीटर. याच परिसरात भगवान बुद्धांनी पाच भिक्षूंना पहिला उपदेश केला. स्तूपापाशी थायलंड, श्रीलंका, तिबेट अशा ठिकठिकाणची माणसे बसली होती. सगळ्यांचे उच्चार निराळे, पण 'बुद्धं सरणं' आले की आईचे ओठ हलू लागत. तिला तिथे परके वाटले नाही.

जवळच धर्मराजिक स्तूपाचा नुसता पाया उरला आहे. १७९४ साली काशीच्या जगतसिंगाच्या माणसांनी बाजारपेठ बांधण्यासाठी त्याच्या विटा काढून नेल्या. आत सापडलेल्या अस्थी गंगेत सोडून दिल्या. विसरलेला इतिहास म्हणजे लोकांना फुकटची वीट वाटते. हे त्या पायाजवळ उभे राहिल्यावर जसे कळते तसे भाषणातून कळत नाही.

संग्रहालयात अशोकाचा सिंहस्तंभशीर्ष आहे. तो १९०४-०५ च्या उत्खननात सापडला. २६ जानेवारी १९५० पासून तोच आपल्या प्रजासत्ताकाची राजमुद्रा. मुलाने खिशातून नाणे काढून समोर धरले. एकदा नाण्याकडे, एकदा दगडाकडे. मग म्हणाला, "पप्पा, म्हणजे आपण रोज हाच घेऊन फिरतो?" मी म्हटले, "हो. आणि वडापाववाल्याला देतो." नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेबही काशी-सारनाथला आले होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच आपण पोरके झालो. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बोधगया

२५ डिसेंबरला आम्ही गयेच्या गाडीत बसलो. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. मुलीनेच आठवण काढली. वाटेत डेहरीला सोन नदीचा पूल लागतो. लांबी तीन किलोमीटरहून जास्त, बांधला १९०० साली. केरळातील वेंबनाडचा पूल २०११ मध्ये सुरू होईपर्यंत भारतातला हा सर्वांत लांब रेल्वे पूल होता. मुलाने पूल संपेपर्यंत आकडे मोजले आणि दम लागल्यासारखा मागे टेकला.

बोधगयेला महाबोधी विहाराच्या दारात मोबाइल जमा करावे लागतात. मला ते बरे वाटले. फोटोच्या गडबडीत कोणी राहिले नाही. बोधिवृक्षाखाली आई बसली ती दोन तास उठली नाही. तिथे तिने काय मनात आणले हे आम्ही विचारले नाही. उठताना एक वाळलेले पान तिच्या पदरात पडलेले होते, ते तिने वहीत ठेवायला नातीकडे दिले.

या विहाराचा कारभार १९४९ च्या कायद्याने नेमलेल्या समितीकडे आहे. त्या कायद्याप्रमाणे चार सदस्य बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. जगातील बौद्धांचे सर्वांत पवित्र स्थान, पण कारभारात बौद्धांचे बहुमत नाही. आमची सहल झाल्यावर दीड महिन्याने, १२ फेब्रुवारी २०२५ पासून, भिक्षूंनी तिथे हा कायदा रद्द व्हावा म्हणून उपोषण आरंभले. बातमी आली तेव्हा आमच्या घरात ती निराळ्या कानांनी ऐकली गेली. पाहिलेली जागा आपली होते, मग तिच्याबद्दलची बातमी घरची होते.

निरंजना ओलांडून पलीकडे बकरौरला सुजाता स्तूप आहे. थंडीत नदीत पाणी थोडे, वाळू अफाट. सुजाता म्हणजे खीर देणारी एवढेच आपण सांगतो. पण उपाशी राहून अंग झिजवण्याने ज्ञान मिळत नाही, हे सिद्धार्थाला पटलेले असताना त्याच्या हाती अन्न देणारी ती बाई होती. पत्नी म्हणाली, "आमच्या स्वयंपाकाचीपण नोंद झालीय तर इतिहासात!" बुद्धपौर्णिमेला घरोघर खीर करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

धौलीचा दगड आणि नालासोपाऱ्याचा दगड

गयेहून पुरुषोत्तम एक्स्प्रेसने भुवनेश्वर. शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर दया नदीच्या काठी धौलीची टेकडी आहे. कलिंगचे युद्ध याच मुलखात झाले. खडकातून कोरलेला हत्ती जणू बाहेर पडतो आहे आणि त्याच्याखाली अशोकाचे आदेश कोरलेले आहेत. वर टेकडीवर १९७२ साली उभारलेला शांतिस्तूप आहे.

इथे मुंबईकर वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. अशोकाचा आठवा शिलालेख सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रा करीत. अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. वाटेत वडीलधाऱ्यांना भेटणे, दान देणे, खेड्यांतील लोकांशी बोलणे, यात त्याला मौजेपेक्षा अधिक आनंद वाटला. हा लेख धौलीला आहे. आणि याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्याला सापडला. होय, तेच नालासोपारा, जिथली लोकल आपण रोज लोंबकळत पकडतो. तेव्हाचे ते मोठे बंदर होते. तो दगड आज फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

याचा अर्थ असा की बोधगयेच्या यात्रेची हकीकत पूर्वेच्या किनाऱ्यावर कोरली गेली आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावरही. मधल्या हजार-बाराशे मैलांत आपली पाच माणसे स्लीपरच्या डब्यातून चालली आहेत, हे मला धौलीला उमगले आणि टाइल्सचे दुःख कायमचे गेले.

दुसऱ्या दिवशी पुरी. तिथल्या प्रसिद्ध मंदिरात हिंदू नसलेल्यांना प्रवेश नाही. आम्हाला तिकडे जायचेही नव्हते. आम्ही अंधारातच समुद्रावर जाऊन बसलो. कोळ्यांच्या होड्या पाण्यात शिरत होत्या. आधी आभाळ तांबडे झाले, मग पाण्याच्या रेघेतून सूर्य वर आला. मुलगी उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. मुलाने घड्याळात पाहिले. आई म्हणाली, "आपल्याकडं बुडतो तो हितं निघतो व्हय?"

पूर्व किनारा

भुवनेश्वरहून विशाखापट्टणमच्या वाटेवर चिल्का सरोवर गाडीच्या जवळून दिसते. खिडकीची जागा डाव्या हाताची धरावी. विशाखापट्टणमला मुलांना पाणबुडी पाहायची होती. निवृत्त झालेली 'कुरसुरा' पाणबुडी किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवली आहे. आत शिरल्यावर पत्नी म्हणाली, "आपली खोली बरीच मोठी आहे हो!"

शहराच्या उत्तरेला भीमुनिपट्टणमच्या रस्त्यावर थोटलकोंडा आहे. समुद्रावर ओणवलेली टेकडी आणि तिच्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघारामाचे अवशेष. तेलुगूत 'थोटलू' म्हणजे दगडी टाकी, त्यावरून हे नाव. भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवायला खडकात टाकी खोदली होती. आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीला अशाच पोढ्या आहेत. खाली बंदर, वर विहार, व्यापारी दान देणार आणि भिक्षू जहाजांबरोबर परदेशी जाणार. सोपारा-कान्हेरीची जी जोडी, तीच इथे. ही जागा विसाव्या शतकात सत्तरच्या दशकात लक्षात आली आणि १९८८ ते १९९३ या काळात तिचे उत्खनन झाले.

१ जानेवारीला दरवर्षी आम्ही भीमा कोरेगावला जातो. या वर्षी त्या दिवशी सकाळच्या गाडीने विजयवाड्याला निघालो. वाटेत राजमहेंद्रीला गोदावरी लागली. आपल्या नाशिकची गोदावरी, जिच्या काठी १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, ती इथे एवढी पसरली आहे की पूल संपता संपत नाही. संध्याकाळी विजयवाड्यात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर उभे राहिलो. पुतळा १२५ फूट, खालचा चौथरा ८१ फूट. १९ जानेवारी २०२४ रोजी त्याचे अनावरण झाले. आजूबाजूला तेलुगू बोलणारी शेकडो माणसे मुलाबाळांना घेऊन आली होती. 'जय भीम' म्हटले की भाषेची अडचण राहत नव्हती. कोरेगावला न जाताही आमचा १ जानेवारी चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावती पाहिली. स्तूपाचे सुंदर कोरीव दगड आज चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत, जागेवर थोडेच उरले. परतताना प्रकाशम बंधाऱ्यावर थांबलो. बंधारा किलोमीटरहून लांब, पाणी नजर जाईल तिथवर.

आईने विचारले, "ही कुठली नदी?"

"कृष्णा."

"कुठली कृष्णा?"

"तुझीच. महाबळेश्वरची, वाईची, कराडची."

तिचा विश्वास बसेना. मुलाने नकाशा काढून बोट फिरवून दाखवले. मग ती घाटाच्या पायरीवर बसली आणि पाण्यात हात घातला. लहानपणी गावात पाणवठे ठरलेले होते, हे तिने पूर्वी अनेकदा सांगितले होते. वरच्या अंगाला गावची माणसे, त्याखाली जनावरे आणि त्याच्याही खाली आपण. वरच्या पाण्याला हात लावला म्हणून तिच्या आत्याने मार खाल्ला होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "एवढं हाकललं, पर पाणी काय त्यांच्या हातात ऱ्हायलं न्हाई. सगळ्यांचं हितं यिऊन एकच झालं." तिने तोंडावर पाणी मारले, पदराने पुसले आणि "चला, उशीर होतोय" म्हणून उठली.

परतीचा डबा

विजयवाड्याहून कोणार्क एक्स्प्रेस. समोर एक तेलुगू कुटुंब, सिकंदराबादला जाणारे. जेवणाची वेळ झाली. त्यांच्यातील बाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, "आप कौन लोग?"

आम्ही सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. आई मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागली. मुलीने चपाती खाली ठेवली आणि सरळ म्हणाली, "हम बौद्ध हैं. डॉक्टर आंबेडकर के."

बाई हसल्या. म्हणाल्या, "हम माला. चर्च जाते. घर में आंबेडकर का फोटो है." तिच्या नवऱ्याने मोबाइलमधला घरातला फोटो काढून दाखवला. येशू आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. मग मुलगीच उठली, पिशवीत हात घातला आणि तीन वेष्टने सोडवून बोंबलाची बरणी बाहेर काढली. वास सुटला तसा सुटला. बाईंनी आनंदाने भातावर चटणी घेतली आणि आम्हाला गोंगुऱ्याचे लोणचे दिले.

दोन्ही डब्यांत प्रश्न एकच होता. उत्तरही एकच होते. समोरचा माणूस काय करील हे आपल्या हाती नाही. उत्तर देताना आवाज कापू न देणे एवढे आपल्या हाती आहे, आणि ते माझी मुलगी तेरा दिवसांत शिकली. कुठल्या शिकवणीला किती फी भरून हे शिकवता आले असते, ते मला सांगता येत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

आमच्या खर्चात रेल्वेभाडे जेमतेम चौथा हिस्सा होते. राहणे, जेवण आणि रिक्षा यांतच पैसा जातो. म्हणून विहारांच्या व संस्थांच्या धर्मशाळांची चौकशी आधी करावी. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, त्याच सकाळी तिकीट काढावे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, तो फॉर्मवर मागावा. ज्यांना सरकारी नोकरीत एलटीसी आहे त्यांनी ती फुकट घालवू नये. मुलांना एक वही द्यावी आणि रोज ओलांडलेल्या नद्यांची नावे लिहायला सांगावे.

आणि ज्यांना आज एवढे जमत नाही त्यांनी थांबून राहू नये. एका रविवारी फोर्टच्या संग्रहालयातला सोपाऱ्याचा दगड पाहावा, पुढच्या रविवारी नालासोपाऱ्याचा स्तूप, त्यापुढे कान्हेरी. लोकलच्या तिकिटात धम्मयात्रा होते. आमच्या अभ्यासिकेत सध्या सहा कुटुंबांनी दरमहा पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. त्यांच्या वहीचा हिशेब मीच लिहितो. जयभीम!